आईच्या नावातला ल

ऑक्टोबरची सकाळ. भिंतीपलीकडे सोलापूर रस्त्यावर हडपसरकडे निघालेल्या बसगाड्यांचे हॉर्न, आणि भिंतीच्या अलीकडे, सेंट सेपल्कर दफनभूमीत, ओल्या गवतात गुडघे टेकून बसलेले तुम्ही. समोर आजीचा दगड. काळा, घडीव, बसल्या माणसाच्या छातीपर्यंत येणारा. वरच्या अर्ध्या भागात आजीचं नाव, त्याखाली ‘ख्रिस्तवासी झाली’, त्याखाली सन १९३१. खालचा अर्धा दगड कोरा. आजोबांनी तो स्वतःसाठी राखला होता, पण पुढं नोकरीनं ते नगरला गेले आणि त्यांची माती तिथंच झाली. नव्वदहून जास्त वर्षं कोऱ्या राहिलेल्या त्या जागेवर आता आईचं नाव यायचं आहे.

काल तुम्ही गाडीतळाच्या पुढं ग्रॅनाइटच्या एका दुकानात जाऊन आलात. संगणकावर बसलेला मुलगा मनापासून मदत करत होता. त्यानं आईचं नाव टाइप केलं आणि विचारलं, “फॉन्ट कुठला ठेवू?”

“वर आजीचं आहे तसंच पाहिजे.”

त्यानं तुमच्या फोनमधला फोटो मोठा करून पाहिला. एकामागून एक आठ-दहा फॉन्ट लावले. दर वेळी आईचं नाव नीटनेटकं दिसलं आणि दर वेळी ते आजीच्या नावाखाली पाहुण्यासारखं अवघडून बसलं. काय खटकतंय ते तुम्हाला सांगता येईना. बऱ्याच वेळानं तुम्ही पडद्यावर बोट ठेवलंत. “हा ल.”

पडद्यावरचा ल दंडाचा होता: लाटेसारखी रेघ आणि उजवीकडे उभा दंड. आजीच्या दगडावरचा ल दोन पाकळ्यांचा आहे, मधल्या देठानं शिरोरेषेला लटकलेला. तुम्ही पाटीवर गिरवलात तो हाच. एके काळी उत्तरेकडचे अ, झ आणि ण मुंबईकडच्या अक्षरांहून वेगळे होते. मुंबईचे अ, झ, ण पुढं तिकडं रुळले, ल आणि श मात्र ज्याचे त्याच्याकडं राहिले. फोनवर आणि संगणकावर आपोआप उमटतो तो ल बहुतेक वेळा तिकडचा असतो. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ रोजी निर्णय काढून मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला. एका अक्षराच्या पाकळीसाठी सरकारी कागद निघाला, याचं मला फार अप्रूप वाटतं. तो निघायलाच हवा होता.

मुलानं शोधून पाकळीचा ल असलेला फॉन्ट लावला. तरीही जुळेना. म्हणून आज तुम्ही बॅटरी, बटर पेपर आणि मेणाचा खडू घेऊन इथं आला आहात.

दगड वाचायचा तर उजेड समोरून पाडायचा नसतो. बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून आडवी धरायची. मग खाचेची एक भिंत उजळते, दुसरी अंधारात राहते. छिन्नीनं काढलेली खाच तळाशी निमुळती होत जाते, त्यामुळं उजेड आणि सावली जिथं भेटतात तिथं एक धारदार रेघ दिसते. दगडावर रबराचा पत्रा चिकटवून वाळूच्या माऱ्यानं अक्षर उतरवलं असेल, तर तळ बशीसारखा सपाट येतो आणि ती रेघ दिसत नाही. आजीच्या अक्षरांत रेघ स्वच्छ आहे. (अक्षरं उठून दिसावीत म्हणून लोक त्यांत चुना, पीठ, ऑइल पेंट भरतात, तारेच्या ब्रशनं दगड घासतात. तसं कधीही करू नका. एकदा गेलेली धार पुन्हा येत नाही.)

तुम्ही बॅटरी आणखी कलती करता. रेघ सरकते. भिंतीपलीकडचे हॉर्न विरळ होतात.

रस्ता अरुंद झाला आहे. मगरपट्ट्याच्या काचेच्या इमारतींच्या जागी हिरवी शेतं दिसताहेत. हडपसरच्या एका बोळात, ‘डीटीपी व स्क्रीन प्रिंटिंग’ अशी पाटी लावलेल्या खोलीत तुम्ही उभे आहात. १९९० नंतरची काही वर्षं असावीत. टेबलावर लग्नपत्रिकांचे गठ्ठे आहेत आणि पलीकडं एका दशक्रियेच्या फलकाचा मजकूर जुळतो आहे. इथं संगणकावर अक्षरजुळणीला चालते ती श्रीलिपी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची. योगेश आणि सुरेख हे फॉन्टही पुण्याच्या सी-डॅकमधून आलेले. दगडावर कोरायचं नाव आधी इथं जुळतं, छापून निघतं, मग कोरणाऱ्याकडं जातं. तुम्ही खिशातला बटर पेपर काढता. त्यावर आजीच्या ओळीतले दोन्ही ल उतरवून घेतलेले आहेत. छापील कागदावरचे दोन ल एकमेकांवर ठेवले की केसाचंही अंतर पडत नाही. आजीचे दोन ल एकावर एक ठेवले की पहिल्याची डावी पाकळी आत राहते आणि दुसऱ्याची बाहेर येते.

आधी हेच पाहायला हवं होतं. कुठल्याही दगडावर एकच अक्षर दोनदा शोधा. दोन्ही तंतोतंत जुळली तर ती साच्यातून आली. जुळली नाहीत तर कुणाच्या तरी हातातून. आजीची अक्षरं हातातली आहेत. म्हणजे फॉन्ट शोधणं संपलं आणि माणूस शोधणं सुरू झालं.

आणखी मागं. आषाढ आहे आणि रस्ता वारकऱ्यांनी भरला आहे. ज्ञानोबांची पालखी इथून सासवडच्या वाटेला लागते, तुकोबांची लोणी काळभोरच्या. त्या गर्दीकडं पाठ करून शिडीवर चढलेला पेंटर एका दुकानाची पाटी रंगवतो आहे. गोल ब्रशचं अक्षर कसं असतं ते पाहून घ्या: रेघ सगळीकडं सारख्या जाडीची, टोकं गोलसर, अनुस्वार वाटाण्यासारखा. साठ-सत्तर सालच्या कितीतरी दगडांवर पेंटरनं आधी रंगात लिहून दिलं आणि कोरणाऱ्यानं तेच खोदलं, म्हणून दगडातही ब्रशच दिसतो. आजीच्या नावावरचा अनुस्वार वाटोळा नाही. तो चौकटच्या पानावरच्या ठिपक्यासारखा आहे, दोन कोपरे वर-खाली, दोन बाजूंना. ब्रशनं असा ठिपका येत नाही. टोक तासलेला बोरू कागदावर टेकवून उचलला की असा येतो.

बॅटरी हलते आणि तुम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, खडकीच्या युद्धस्मशानभूमीत येता. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी, एकसारख्या ओळींत. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या आणि ठिकठिकाणच्या दफनभूमींत पुरलेल्या, पण ज्यांच्या कबरींची निगा राखणं पुढं शक्य नव्हतं अशा अठराशेहून अधिक सैनिकांची नावं इथल्या स्मारकावर आहेत. पहिल्या युद्धानंतर या कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगानं ठरवलं की सेनापती असो की शिपाई, दगड एकाच मापाचा आणि अक्षर एकच. ती रोमन अक्षरं मॅकडोनाल्ड गिल यांनी आखून दिली. प्रसिद्ध अक्षरकार एरिक गिल यांचे ते भाऊ. तिरक्या नजरेनं पाहणाऱ्यालाही नाव वाचता यावं, उन्हापावसात टिकावं, यंत्रानं कोरता यावं, असा विचार त्या रेघांत आहे. जगभरातल्या हिंदू सैनिकांच्या दगडांवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलं गेलं.

इथं अक्षर जुळवणं सोपं आहे. शंभर वर्षांनी एखादा दगड तडकला तर मूळ आराखडा कागदावर आहे, त्यावरून नवा दगड शेजारच्यासारखाच होतो. आजीच्या दगडाचा असा कागद कुठं असणार, असं तुमच्या मनात येतं. तो विचार तिथंच सोडून तुम्ही पुढं होता, कारण बॅटरी हातातून निसटली आहे आणि तुम्ही १९३१ ओलांडून कितीतरी मागं घसरला आहात.

मार्च १८९७. हडपसरच्या बाहेर ससाणे मळा. ऊन कडक आहे. मळ्यात उभ्या केलेल्या दवाखान्यात डॉक्टर यशवंतराव फुले प्लेगचे रोगी पाहताहेत. माणसं गाव सोडून रानात राहायला आलेली आहेत. मुंढव्याच्या बाजूनं एक बाई येते आहे, वय सहासष्ट, पाठीवर तापानं फणफणलेला मुलगा. त्या सावित्रीबाई आहेत. मुंढव्याच्या महारवाड्यातून त्या या मुलाला पाठीवर घेऊन चालत आल्या आहेत. तुम्ही वाट सोडून बाजूला होता. त्या तुमच्याकडं पाहत नाहीत, त्यांचं लक्ष पाठीवरच्या मुलाच्या श्वासाकडं आहे. याच साथीनं १० मार्चला त्या जातील.

तुम्ही इथं थोडं थांबा. मळ्यात, बांधावर, ओढ्याकाठी दगड आहेत, पण नाव असलेला एकही नाही. साथीत मेलेल्यांसाठी अक्षर लिहायला कुणाला उसंत नव्हती. घरंच्या घरं गेली, तिथं लिहिणारंही उरलं नव्हतं. हडपसरच्या मातीत गेलेल्या त्या माणसांची अक्षरं कशाशी जुळवायची? तुमच्या हातात बटर पेपर आहे आणि तो टेकवायला दगड नाही. आजीच्या दगडाकडं पुन्हा जाल तेव्हा तुम्ही त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं पाहाल. शिकलेल्या घरात मेली, सवड असताना मेली, म्हणून तिला अक्षर मिळालं.

अजून मागं जाताना वाटेत छापील पंचांगं, पोथ्या, शाळेची पुस्तकं दिसतात. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरूंनी खिळ्यांसाठी पोलादावर अक्षरं कापली. निर्णयसागरची ती गोल, भरदार, वळणदार अक्षरं पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत अशी बसली की ‘चांगलं अक्षर’ म्हणजे तेच. तेव्हापासून दगडांवरही छापील वळण येऊ लागलं. शब्दाशब्दात मोकळी जागा सुटू लागली, शिरोरेषा शब्दापाशी तुटू लागली. आजीच्या दगडावर मात्र नाव आणि आडनाव यांच्यामध्ये शिरोरेषा अखंड गेली आहे. हे तुम्ही आत्तापर्यंत कोरणाऱ्याची चूक समजत होता.

१८२१. तुम्ही मुंढवा, खराडी मागं टाकून भीमेकाठी कोरेगावला आला आहात. १ जानेवारी १८१८च्या लढाईच्या स्मारकाचा पाया २६ मार्चला घातला गेला आहे. साठ फूट उंचीचा स्तंभ उभा राहायचा आहे आणि त्यावर मजकूर दोन भाषांत यायचा आहे, इंग्रजीत आणि मराठीत. मेलेल्यांच्या यादीत ‘नाक’ या शब्दानं संपणारी नावं ओळीनं आहेत, महार शिपायांची. त्या काळात ज्यांची सावलीही पुण्यात लोकांना चालत नव्हती, त्यांची नावं इथं दगडावर येताहेत. दरवर्षी १ जानेवारीला लाखो माणसं या स्तंभापाशी येतात ती ही नावं वाचायलाही येतात. १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब आंबेडकर इथं आले होते. मला कोरेगावच्या दगडाबद्दल काहीही सांगायचं झालं की आधी या नावांचं सांगावंसं वाटतं, अक्षराच्या वळणाचं मागून.

तरी वळणाचंही सांगायला हवं, कारण आजीच्या दगडाचं एक कोडं त्यात सुटतं. इंग्रजी लिहिणाऱ्याची लेखणी एका बाजूला उतरती असते, मराठीचा बोरू उलट बाजूला तासलेला असतो. म्हणून रोमन अक्षरात वरून डावीकडून खाली उजवीकडं येणारी रेघ जाड पडते, आणि बोरूच्या मराठीत उजवीकडून खाली डावीकडं उतरणारी. र चं शेपूट, द चं शेपूट निमुळतं, बारीक होत जातं ते यामुळं. इंग्रजी दगड कोरून हात बसलेल्या माणसानं मराठी कोरलं आणि समोर नीट लिहिलेला नमुना नसला, तर जाडी चुकीच्या बाजूला जाण्याची भीती फार. आजीच्या दगडावर र आणि द यांची शेपटं बारीक आहेत, जिथं असायला हवीत तिथंच. म्हणजे कोरणाऱ्यापुढं कुणीतरी बोरूच्या वळणानं लिहून दिलं होतं, आणि लिहिणाऱ्याला बोरू चांगला येत होता.

उलटं फिरण्याआधी आणखी एक घसरण. २५ ऑक्टोबर १८०२, दिवाळीचे दिवस. हडपसरच्या माळावर यशवंतराव होळकरांची फौज आणि समोर शिंदे-पेशव्यांची. सकाळभर तोफा चालल्या. आता धूर खाली बसतो आहे. बाजीराव पर्वतीवरून सिंहगडाकडं निघाले आहेत. वर्षअखेरीला, ३१ डिसेंबरला, ते वसईला इंग्रजांशी तह करतील आणि मराठी राज्याच्या गळ्याला फास लागेल. तुमच्या पायाखाली माणसं पडलेली आहेत, घोडे पडलेले आहेत. दुंदुभीनाम संवत्सर, शके १७२४ असं आज इथं कुठल्याही दगडावर कुणी कोरणार नाही. पुण्यात अक्षर कोरणारे हात नाहीत असं नाही. नाना फडणीसांच्या काळात एका तांबटाला भगवद्गीता छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरं कोरायला शिकवलं होतं. नाना गेल्यावर तो मिरजेला पटवर्धनांकडं गेला आणि १८०५ साली गीता तिथं छापून निघाली. ते हात या माळापर्यंत येणार नाहीत.

माळाच्या कडेला, देवळाच्या आवारात, गुडघाभर उंचीचा एक वीरगळ उभा आहे. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत पिंडीपुढं हात जोडलेला तोच वीर, माथ्यावर चंद्र-सूर्य. अक्षर एकही नाही. पुणे, सातारा, सोलापूर या भागांत असे दगड गावोगाव आहेत. कोण मेला हे तेव्हा साऱ्या गावाला ठाऊक होतं, आज कुणालाच नाही. तुम्ही त्याच्या थंड कपाळावर हात ठेवता आणि बॅटरी सरळ करता.

१९३१. पावसाळा नुकताच सरला आहे. तीच दफनभूमी. आजूबाजूच्या इंग्रजी कबरींवर एकाच दगडावर चार-चार वळणांची रोमन अक्षरं आहेत, काहींत शिसं ठोकून बसवलेलं. आजीची माती अजून बसलेली नाही. दगड लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवला आहे. पाथरवट उकिडवा बसून छिन्नीला धार लावतो आहे. शेजारी गेरूचं भांडं, सुतळीचा गुंडा, ओळंबा.

आजोबा आलेत. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बंद गळ्याचा कोट, डोक्याला टोपी, बोटांना शाई. मिशनच्या शाळेत ते मास्तर. त्यांच्या मागं एक बाई उभी आहे, कडेवर दोन वर्षांची मुलगी. मुलगी मूठ तोंडात घालून दगडाकडं बघते आहे.

“मास्तर, कागदावर लिहून आणलंय का?” पाथरवट विचारतो.

“दगडावरच लिहितो.”

आजोबा सुतळी गेरूत भिजवतात. एक टोक पाथरवटाकडं देतात, दुसरं स्वतः धरतात. दगडाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत ताणतात, मधोमध चिमटीत उचलून सोडतात. फट् असा आवाज होतो आणि काळ्या दगडावर लाल रेघ उमटते. मग बांबूची कामटी, बोरूसारखी तिरकी तासलेली, गेरूत बुडवून त्या रेघेला ते अक्षरं टांगू लागतात.

आता तुम्हाला कळतं. आधी रेघ, मग अक्षर: ही मोडीची सवय. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. आजोबांची पिढी शाळेत मोडी आणि बालबोध, म्हणजे देवनागरी, अशा दोन्ही लिप्या शिकली. १९१७ पासून सरकारी कामकाजात मोडीच्या जागी बालबोध आली, तरी हिशेब, पत्रं, टिपणं या पिढीनं मोडीतच लिहिली. दगडावर बालबोध लिहितानाही आजोबांचा हात आधी रेघच ओढतो. नाव आणि आडनाव यांच्यामधली अखंड शिरोरेषा ही चूक नव्हती.

पहिला ल लिहिताना त्यांचा हात किंचित थरथरतो आणि डावी पाकळी लहान राहते. दुसरा ल येईपर्यंत हात स्थिरावलेला असतो, पाकळी मोकळी फुगते. अनुस्वाराला कामटी नुसती टेकवतात आणि उचलतात: चौकट. दुसऱ्या ल च्या पोटाखालून गेरूचा एक ओघळ खाली येतो, जवापेक्षा लहान. आजोबांच्या तो लक्षात येत नाही.

पाथरवट वाचायला शिकलेला नाही. त्याच्यासाठी हे सगळं लाल रेघांचं चित्र आहे आणि त्या चित्राशी तो इमान राखतो. दोन दिवस छिन्नी चालते. कठीण बसाल्ट, कण-कण निघतो. अक्षरं खोदून तो दुसऱ्या ल च्या पोटाखाली येतो आणि तो ओघळही खोदतो, त्याच निगुतीनं. तुम्ही बॅटरीच्या उजेडात पाहिलेला तो बारीक टवका, दगडाला कधीतरी काहीतरी लागलं असेल असं वाटलेला, तो हा.

आजोबा संध्याकाळी येऊन पाहतात. ओघळ त्यांना दिसतो. ते अंगठा त्यावर ठेवून बराच वेळ उभे राहतात. काही बोलत नाहीत. पाथरवटाच्या हातावर पैसे ठेवतात. मागची मुलगी आता खाली उतरली आहे, गेरूच्या भांड्यात तिनं सगळा तळवा बुडवला आहे आणि दगडाच्या खालच्या, कोऱ्या भागावर तो उमटवला आहे. बाई तिला रागं भरते. “असू दे,” आजोबा म्हणतात, “पावसात जाईल.”

हॉर्न परत येतात. गुडघे ओले झाले आहेत. दगडाच्या कोऱ्या भागावर तुम्ही बोट फिरवता. तिथं काही नाही.

घरी जाऊन तुम्ही आईचं कपाट उघडता. जाड पुठ्ठ्याचं मराठी बायबल तिनं साडीच्या तुकड्यात बांधून ठेवलं होतं. आतला मजकूर छापलेला, खिळ्यांचा. पुस्तकं या घरात तशीही फार होती. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात स्वतः बायका खिळे जुळवत, तिथली पत्रकंही आई जपून ठेवायची. बायबलाच्या पहिल्या कोऱ्या पानावर मात्र शाईनं घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं नोंदलेली आहेत. आजोबांच्या हातानं. पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा, मध्ये कुठं न तुटलेली. तिच्याखाली चौथ्या ओळीत, सन १९२९, आईचं नाव. ल ची डावी पाकळी किंचित लहान.

तुम्ही बटर पेपर त्यावर धरता. हात थरथरतो तेव्हा दोन्ही जुळताहेत की नाही ते नीट कळत नाही, म्हणून तुम्ही थोडा वेळ थांबता आणि पुन्हा धरता.

पुढचं काम बारकाईचं आहे. पानावरचं अक्षर बोराएवढं, दगडावरचं दोन बोटं उंच. आजीच्या नावात शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची काना किती जाड आहे त्याच्या साडेसहा पट भरते, आजोबांच्या शाईत ती नऊ पट आहे, कारण कागदावरचा बोरू बारीक होता. नुसतं मोठं करून चालणार नाही, काना त्या मानानं भरदार करावा लागेल. आईचं नाव तर या पानावर आहेच. मृत्यूच्या सालासाठी २ आणि ४ बाप्तिस्म्यांच्या तारखांत सापडतात, शून्यही. कुठलंही अक्षर तुम्हाला स्वतः काढावं लागत नाही.

ग्रॅनाइटच्या दुकानातला मुलगा पान स्कॅन करतो, शाईचे डाग पुसतो, काना भरतो, अक्षरं ओळीत लावतो. दोनदा लावून पाहतो, तिसऱ्यांदा मान हलवतो. छापलेला कागद तुमच्या हातात देताना म्हणतो, “पण मशीनवर नका करू. वाळूनं तळ सपाट येतो, वरच्याशी जुळणार नाही. हातानं काढणारे एक बाबा आहेत आमच्या ओळखीचे. आता फारसं काम करत नाहीत, पण हे करतील.”

बाबा दोन दिवसांनी दफनभूमीत येतात. पिशवीत छिन्न्या, छोटी हातोडी. चष्मा नाकावर खाली ओढून ते आजीच्या ओळीवरून अंगठा फिरवतात, डावीकडून उजवीकडं, अगदी सावकाश. दुसऱ्या ल पाशी अंगठा थांबतो.

“हे लागलेलं नाही,” ते म्हणतात. “हे काढलंय.”

“हो.”

“खाली पण काढू?”

तुम्ही नको म्हणता. तो ओघळ आजीचा आहे.

ते छापील कागद दगडावर धरून पाहतात, वर-खाली करतात, पेन्सिलीनं दोन खुणा करतात. मग कागद बाजूला ठेवून आधी कुठलं अक्षर घ्यायचं ते विचारतात. तुम्ही पिशवीतून सुतळी काढता, गेरूच्या वाटीत बुडवता आणि एक टोक त्यांच्या हातात देता. ते काही विचारत नाहीत, दगडाच्या डाव्या कडेला टोक दाबून धरतात. दुसरं टोक तुम्ही उजव्या कडेला ताणता, मोकळ्या हाताची चिमूट मधोमध न्यायला वाकता आणि सुतळी उचलता.